लखनौच्या मातीचं जर्मनीत बारसं

आटपाट नगर होतं, असं म्हणायची सोय नाही. कारण या नगराला नाव आहे. नगर म्हणजे लखनौ. तिथली थोडीशी माती, कुजका पालापाचोळा मिसळलेली, कुणीतरी गोळा केली आणि ती जर्मनीला पोचली. या गोष्टीत राजा नाही, राणी नाही, आवडती-नावडती तर नाहीच. नायक मातीत दडलेला होता. तो इतका लहान की लखनौत त्याला कुणी पाहिलं नाही. जर्मनीत पाहिलं, पण हा कोण ते कळेना. पाहिलं १९९५ साली. नाव मिळालं २०१२ साली.

"जर्मनीत कुठे?" ओमने विचारलं. पाचवीतल्या मुलांना गोष्टीत नकाशा लागतो.

"ब्राउनश्वाइगला."

"म्हणजे शुभाआत्याकडे!"

"आत्याकडे नव्हे रे, आत्याच्या गावात. गावाच्या दक्षिणेला श्ट्योकहाइम नावाचा भाग आहे. तिथे एक मोठी संशोधन संस्था आहे. तेव्हा तिला जीबीएफ म्हणत, २००६ पासून ती हेल्महोल्ट्झ संसर्ग संशोधन केंद्र झाली. तिथे हान्स रायखेनबाख नावाचे एक शास्त्रज्ञ होते. लोक परदेशी गेले की चॉकलेटं आणतात, हे गृहस्थ माती आणायचे."

"माती? कशाला?"

त्या 'कशाला'पाशीच तर गोष्ट आहे. मातीत जिवाणू असतात हे तुम्ही वाचलंय. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी, कधी अब्जावधीसुद्धा. त्यातल्या एका जमातीवर रायखेनबाख यांचा जन्मभराचा जीव जडला होता. तिचं नाव मिक्सोबॅक्टेरिया. एकेक जिवाणू काडीसारखा लांबट. एका मिलिमीटरमध्ये शंभर-दोनशे सहज ओळीने झोपतील. यांना शेपटी नाही, पोहता येत नाही. हे सरकतात, तेही हजारोंच्या टोळीने, मागे चिकट बुळबुळीत वाट ठेवत. वाटेत दुसरे जिवाणू भेटले की टोळी त्यांच्यावर पाचक रसांचा मारा करते, त्यांना विरघळवते आणि गिळून पुढे जाते.

आणि खायला काही उरलं नाही, की ही टोळी एक अजब काम करते. हजारो-लाखो जिवाणू एका जागी जमतात, एकमेकांवर चढतात आणि त्यांची एक इवलीशी गाठ तयार होते. कुणाची नुसती गोल, कुणाची देठावर उभी, कुणाची फांद्या फुटलेली. रंग पिवळा, नारिंगी, तांबडा, तपकिरी. ही गाठ मिलिमीटरभरही नसते, पण भिंग लावलं तर दिसते. तिच्या आत काही जिवाणू जाड कवचाचे बीजाणू होऊन झोपी जातात आणि बाकीचे बरेचसे मरून जातात. माती वाळवून ठेवली तरी ते बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून तर लखनौची माती ब्राउनश्वाइगला पोचल्यावरही आतला ऐवज शाबूत होता.

"पण एवढ्या कोट्यवधींतून नेमका तोच कसा शोधला?" मुक्ता नववीत आहे, तिचे प्रश्न असे कोपऱ्यात गाठणारे.

त्यासाठी आधी तुम्हाला स्वयंपाकघरात नेतो. आजी उन्हाळ्यात चायना ग्रासचं पुडिंग करते ना? समुद्री शेवाळापासून काढलेला तो पदार्थ म्हणजेच अगर. १८८१ च्या सुमाराला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की ते वितळायचं, आणि कित्येक जिवाणू ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्थर हेसे यांच्या बायकोने, फॅनीने, सुचवलं की अगर वापरून बघा, माझ्या जेली उन्हाळ्यातही वितळत नाहीत. आज जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत अगर आहे. कॉख यांनी १८८२ च्या आपल्या लेखात अगरचा उल्लेख केला, फॅनीचा नाही केला. मला ते आवडलेलं नाही, म्हणून मी गोष्टीत तिचं नाव मुद्दाम घेतो.

तर काचेच्या चपट्या बशीत अगर ओतलेलं. त्यात खाणंपिणं जवळपास काहीच नाही, नुसतं पाणी आणि थोडे क्षार. त्यावर ई. कोलाय या साध्या जिवाणूंची एक जाड रेघ ओढलेली. हे आमिष. त्या रेघेवर मातीचे चार कण ठेवायचे, झाकण लावायचं आणि तीस अंशांच्या उबेत ठेवून द्यायचं. पहिले काही दिवस विशेष घडत नाही. मग एका कणाभोवती रेघ पुसट होऊ लागते. काठावर नखाएवढं पारदर्शक वर्तुळ पडतं. ई. कोलायची पांढरट साय तिथून नाहीशी झालेली असते. भिंगाखाली बशी धरली, की त्या वर्तुळाच्या कडेला नागमोडी झालर दिसते. ती म्हणजे पुढे सरकणारी टोळी. अगरच्या पृष्ठभागावर बारीक रेषा उमटतात आणि मागे, जिथे खाणं संपलं तिथे, खसखशीहूनही बारीक ठिपके वर येऊ लागतात.

इथे नवशिके खूश होतात आणि जाणते डोकं धरून बसतात. कारण त्या चिकट वाटेत दुसरे कितीतरी जिवाणू अडकून आलेले असतात, बुरशी असते, अमीबा असतात. मग झालरीच्या अगदी पुढच्या टोकाचा सुईच्या अग्राएवढा तुकडा कापायचा, नव्या बशीत ठेवायचा. टोळी पुढे सरकली, की पुन्हा टोकाचाच तुकडा. पुन्हा नवी बशी. चिकाटी लागते. जिवाणू निखळ एकट्याचा झाल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा या शास्त्राचा कॉख यांच्या काळापासून चालत आलेला नियम आहे.

लखनौच्या मातीतून असा एक वाण निखळ झाला. त्याच्यावर चिठ्ठी लागली: नोसो-४.

"हे कसलं नाव?"

नाव कसलं, नंबर. प्रयोगशाळेत नाव मिळेपर्यंत सगळे नंबरानेच ओळखले जातात. नोसो-४ गोठवून ठेवला गेला. त्याच्या शेजारी जगभरच्या मातीतून आलेले हजारो वाण होते. त्या काळात तिथल्या मंडळींची नजर मुख्यतः औषधांवर असे. हे मिक्सोबॅक्टेरिया शिकारी, म्हणून त्यांच्याकडे रसायनांचा मोठा साठा. १९८५ मध्ये रायखेनबाख यांनी आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या काठची माती आणली होती. तिच्यातल्या सोरँजियम नावाच्या जिवाणूपासून त्यांना आणि रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड ह्यॉफ्ले यांना एपोथिलोन हे द्रव्य सापडलं. सापडलं तेव्हा ते बुरशी मारणारं वाटलं. पुढे कळलं की ते कर्करोगाच्या पेशींची विभागणी अडवतं. त्यात थोडा बदल करून केलेलं औषध, इक्साबेपिलोन, २००७ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. नदीकाठच्या मातीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत बावीस वर्षं! आता सांगा, असे खजिने हाताला लागत असताना एखाद्या अनोळखी वाणाची कूळकथा कोण शोधत बसणार?

पण ती शोधावीच लागते. मुक्ता, शाळेत पाठ केलंस ते म्हणून दाखव बघू.

"सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती."

शाबास. नोसो-४ ची जाती कोणती, ती कुठल्या प्रजातीत, ती कुठल्या कुलात? वाघ-सिंहाचं सोपं असतं. दात बघा, पंजे बघा, पिल्लं होतात का बघा. जिवाणूंत नर नाही, मादी नाही, पिल्लं म्हणजे आपल्याच दोन फोडी. आणि दिसायला बहुतेक जण काडी नाहीतर गोळी. नुसत्या दिसण्यावर गेलं की काय होतं याचा दाखला या जमातीच्याच इतिहासात आहे. १८०९ मध्ये जर्मनीतल्या रोस्टोकला हाइनरिख फ्रीडरिख लिंक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी अशाच एका जिवाणूची पिवळी गाठ पाहिली, तिला पॉलिअँजियम असं नाव दिलं आणि तिची रवानगी बुरशीत केली! बिचाऱ्यांचा काय दोष? फळासारखी गाठ, आत बीजाणू, बुरशीच वाटणार. १८९२ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या रोलंड थॅक्स्टर यांनी सूक्ष्मदर्शकातून नीट पाहून सांगितलं, की अहो, ही बुरशी नव्हे, हे जिवाणू एकत्र येऊन गाठ बांधतायत. ऐंशीहून जास्त वर्षं ही मंडळी भलत्याच घरात नांदत होती. थॅक्स्टरना हे पटवून देतानाही बराच त्रास पडला, कारण 'जिवाणू असलं काही करतात' यावर कुणाचा विश्वास बसेना.

म्हणून आज दिसण्याबरोबर आणखी दहा गोष्टी पाहतात. हा काय खातो, कुठल्या तापमानाला वाढतो, हवेशिवाय जगतो का, कुठलं औषध त्याला मारतं. नोसो-४ हवेशिवाय वाढत नाही, मध्यम उबेत वाढतो, दुसऱ्या जिवाणूंना विरघळवतो. आणि तो स्टार्च पचवतो. स्टार्चची परीक्षा तुम्ही शाळेत बटाट्यावर केलीय. आयोडीनचा थेंब टाकला की काळानिळा रंग येतो. बशीतल्या अगरमध्ये स्टार्च मिसळून त्यावर जिवाणू वाढवायचे आणि मग वरून आयोडीन ओतायचं. सगळी बशी शाईसारखी काळी होते. जिवाणूंच्या ठिपक्याभोवती मात्र रंग चढत नाही. तिथला स्टार्च त्यांनी खाऊन संपवलेला असतो. इतकी साधी परीक्षा, पण मी तीस वर्षं मुलांना दाखवली आणि दर वेळी वर्गातून 'आऽ' ऐकू यायचं.

पेशीच्या वेष्टणात कुठली मेदाम्लं आहेत तेही तपासतात. नोसो-४ च्या पेशीत अ‍ॅराकिडोनिक आम्ल निघालं. हे आपल्या शरीरात असतं, प्राण्यांत असतं. जिवाणूंत ते फारच विरळा. मातीतल्या एका मिक्सोबॅक्टेरियात ते असल्याचं २००९ मध्येच कळलं होतं. फिलिपिन्सच्या मातीतला तो जिवाणू, फॅसेलिसिस्टिस, याच ब्राउनश्वाइगच्या आणि जर्मनीतल्याच झारब्र्युकेनच्या मंडळींनी वर्णिलेला. तेव्हा हा त्याचा भाऊबंद असेल का, अशी शंका यायला हवी. तशी शंका मेदाम्लांवरून मिटत नाही. खाणंपिणं, रंग, चरबी यांवरून दोन परके सारखे दिसू शकतात आणि सख्खे वेगळे.

खरी ओळख पटवायची तर आपण त्र्यंबकेश्वरला गेलो होतो ते आठवा. गुरुजींनी आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग लांबोडकी चोपडी उघडली आणि पानं उलटत उलटत माझ्या पणजोबांच्या हातची सही दाखवली. तुमचे बाबा तर बघतच राहिले. जिवाणूंचीही अशी चोपडी आहे. प्रत्येक जिवाणूच्या पेशीत राइबोसोम असतात, प्रथिनं तयार करणारे. ते नसले तर जगणंच नाही, म्हणून त्यांचा एक भाग बनवणारा जनुक अब्जावधी वर्षांत फार हळू बदलत आला. त्याला १६एस म्हणतात, आणि त्यात साधारण दीड हजार अक्षरं असतात. दोन जिवाणूंची ही अक्षरं शेजारी ठेवून ताळा करायचा. जितकी जास्त जुळतील तितकं नातं जवळचं. इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये या रीतीने सगळ्या जीवसृष्टीचीच मांडणी बदलून टाकली. आता लाखो जिवाणूंची ही अक्षरं संगणकात नोंदलेली आहेत. नवा पाहुणा आला की गाव, आडनाव विचारायचं नाही, थेट अक्षरं विचारायची.

साधारण असं धरतात, की ९८.७ टक्क्यांहून कमी अक्षरं जुळली तर जाती नवी. ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं तर प्रजातीसुद्धा नवी असण्याची शक्यता. याहून जवळचं कुणी सापडलं तर पूर्ण जनुकसंचच शेजारी ठेवून बघतात. तिथे हद्द ९५-९६ टक्क्यांची. नोसो-४ च्या बाबतीत तेवढी वेळच आली नाही. चोपडीतला सर्वांत जवळचा नामवंत नातलग निघाला जाह्नेला थॅक्स्टेरी, आणि जुळणी किती? ८८.९ टक्के.

"म्हणजे शंभरात अकरा अक्षरं चुकली," मुक्ताने हिशेब केला.

चुकली नव्हेत, बदलली. पण हिशेब बरोबर. जाह्नेलाच्या नावात एडुआर्ड यान आणि आपले ते हार्वर्डचे थॅक्स्टर, असे दोन अभ्यासक गुंफलेत, म्हणून मी त्याला नामवंत म्हटलं. त्यानंतरचा कोंड्रोमायसिस पेडिक्युलेटस, ८८.५ टक्के. एवढ्या अंतराला दूरचं काका-मामांचं नातंही म्हणवत नाही. एक जण मात्र बऱ्यापैकी जवळ होता, ९६.२ टक्के. लीक नावाची कांद्याच्या जातकुळीतली भाजी असते, तिच्या मुळांजवळच्या मातीतला. पण त्याला नावच नव्हतं! ओ२९ एवढीच नोंद. चोपडीत दुसरं पान उघडलं तर तिथेही कोराच माणूस.

मग नोसो-४ चा अभ्यास करणाऱ्या काथरिन मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? नवी जाती काढली. तिच्यासाठी नवी प्रजाती काढली. आणि तेवढ्याने भागेना म्हणून नवं कुलही काढलं. कुल ठरवताना नुसत्या टक्क्यांवर जात नाहीत; वंशवृक्षात फांदी कुठून फुटते, रसायनं काय सांगतात, सगळं धरून निवाडा करतात. आणि निवाडाच तो. उद्या आणखी नातलग सापडले तर फांद्या हलतील, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही पाठ केलेल्या यादीतल्या शेवटच्या तीन पायऱ्या एका लखनवी मातीच्या रहिवाशासाठी नव्याने बांधाव्या लागल्या. चांगलं भरघोस मांजर-कुल, कुत्रा-कुल असतं ना, तसं याचं कुल. त्या दिवशी कुलात सदस्य एक.

"आणि नाव? लखनौवरून ठेवलं?"

नाही ना! ठेवता आलं असतं. गावावरून नावं ठेवायची रीत आहे. वेल्समध्ये अठ्ठावन्न रोमन अक्षरांचं नाव असलेलं एक गाव आहे, २०२० मध्ये तिथल्या मातीतल्या एका मिक्सोबॅक्टेरियाला शास्त्रज्ञांनी ते अख्खं गाव चिकटवलं. तो शब्द मला म्हणता येत नाही, माझी कवळी पडेल. आपल्या नोसो-४ चं नाव ठरलं सँडारासिनस अ‍ॅमायलोलिटिकस. पहिला शब्द त्याच्या नारिंगी रंगावरून, दुसरा स्टार्च विरघळवण्यावरून. मला विचाराल तर लखनौ यायला हवं होतं. पण नाव ठेवणाऱ्याचा हक्क असतो, आणि स्वतःचं नाव द्यायचं नाही एवढी एक मर्यादा सगळे पाळतात.

नाव ठेवून झालं की काम संपलं असं वाटतं ना? मला सगळ्यात आवडतो तो भाग इथून पुढे आहे. फुलपाखराची नवी जाती सापडली तर टाचणी लावून पेटीत ठेवतात. जिवाणूचा नमुना मेलेला चालत नाही. तो जिवंत ठेवावा लागतो, आणि तोही निदान दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत. म्हणजे एका देशात आग लागली, पूर आला, सरकार बदललं, तरी दुसरीकडे तो असतो. आणि जगातल्या कुणालाही मागवून ताळा करता येतो. जिवंत नमुना दिला नाही तर नाव मान्यच होत नाही. नोसो-४ नेदरलँड्सच्या संग्रहात गेला आणि ब्राउनश्वाइगच्याच डीएसएमझेड या संग्रहात. तिथे त्याचा क्रमांक आहे डीएसएम ५३६६८.

हा डीएसएमझेड १९६९ मध्ये ग्योटिंगेनला सुरू झाला, १९८७ मध्ये ब्राउनश्वाइगला हलला आणि आज जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये तिथे जिवाणू झोपवलेले असतात. बरेचसे वाळवून, हवा काढून काचेच्या कुपीत बंद केलेलेही असतात, कारण ते टपालाने पाठवता येतात. तशी कुपी उघडायचीही एक रीत आहे. टोक ज्योतीवर तापवायचं. तापलेल्या काचेवर पाण्याचे एकदोन थेंब सोडायचे, की तडा जातो. चिमट्याने टोक हलकेच ठोकून पाडायचं. आत दुसरी बारकी कुपी, तिच्या तोंडात कापसाचा बोळा, बोळ्याखाली तळाशी पांढरट खडूच्या चुऱ्यासारखं काहीतरी. हेच ते जिवाणू. त्यावर पोषक द्रव घालायचा, अर्धा तास थांबायचं, मग बशीत पसरायचे. कित्येक वर्षांनी झोपेतून उठलेली मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामाला लागतात. जरा हळू उठणारेही असतात, आपल्या ओमसारखे.

जिवाणूंच्या मान्य नावांची जी जागतिक यादी आहे, तीही २०२० पासून ब्राउनश्वाइगलाच सांभाळली जाते. ती सुरू कुणी केली असेल? तूलूझच्या झाँ य्यूझेबी नावाच्या एका पशुवैद्याने, १९९७ मध्ये, बरीचशी एकट्याने. १९८० मध्ये जुनी सगळी गोंधळाची नावं बाजूला सारून नव्याने यादी केली तेव्हा त्यात सुमारे अडीच हजार नावं उरली होती. आज वीस हजारांच्या वर गेलीत. आणि मातीत न नोंदवलेले किती, हा आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

"मग आपला जिवाणू भारतात परत आलाच नाही?" ओमचा आवाज जरा पडला.

आला की! निदान त्याची अक्षरं तरी वाचली गेली ती भारतातच. चंडीगडला इमटेक नावाची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. तिथल्या श्रीकृष्ण सुब्रमण्यन यांच्या गटाने २०१६ मध्ये याच डीएसएम ५३६६८ चा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. किती अक्षरं निघाली असतील? एक कोटी तीन लाख. आमिष म्हणून ठेवला होता त्या ई. कोलायची सेहेचाळीस लाखांच्या आसपास असतात. आणि प्रथिनांची सूत्रं मोजली तर ८,९६२. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सहा हजारांच्या आसपास असतात, आणि यीस्ट म्हणजे जिवाणूंपेक्षा कितीतरी वरच्या पायरीचा जीव समजतात! टोळीने फिरायचं, शिकार करायची, गाठ बांधायची, स्टार्च पचवायचा. एवढा व्याप चालवायला वही मोठीच लागणार.

"आजोबा, मी आपल्या अंगणातली माती आत्याला पाठवू? ती तिथे देईल नेऊन."

नाही पाठवता येणार, बाबा. आता कायदा आहे. २००२ मध्ये आपला जैवविविधता कायदा झाला. परदेशी संस्थेला भारतातला कुठलाही जैविक नमुना संशोधनासाठी हवा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. उद्या त्या मातीतून एपोथिलोनसारखं काही निघालं तर त्यातला वाटा जिथली माती तिथल्या लोकांना मिळावा, हा त्यामागचा हेतू. हेतू रास्तच आहे. पण त्यामुळे कधी कधी आपल्याच शास्त्रज्ञांची पंचाईत होते. दोन देशांत नमुना ठेवल्याशिवाय नाव मान्य नाही, आणि नमुना बाहेर द्यायचा तर कागदपत्रांचा ढीग. शिवाय युरोपातही बाहेरची माती नेता येत नाही, तिच्याबरोबर पिकांचे रोग जातील म्हणून. आत्याचं पार्सल विमानतळावरच अडेल.

आणि पाठवायची गरज काय? पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, तिथे हजारोंनी वाण जपलेत, आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार नमुने स्वीकारायची मान्यता त्याला २०११ पासून आहे. पण तिथेही आधी काहीतरी निखळ करून न्यावं लागतं. म्हणून आपण पहिली पायरी घरी करून बघू. जुनी, बिनखर्चाची रीत आहे. पसरट भांड्यात अंगणातली माती घालायची, ओलसर करायची. सशाच्या वाळलेल्या लेंड्या आणायच्या...

"ईऽऽ!" दोघं एकदम.

ई काय, या लेंड्यांवर मिक्सोबॅक्टेरिया झकास वाढतात, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. लेंड्या आधी वाफेवर निर्जंतुक करायच्या, अर्ध्या मातीत खुपसायच्या, वर काच झाकायची. पाणी वाळू द्यायचं नाही, साचूही द्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात पांढरी बुरशी येईल, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोज भिंग घेऊन लेंडीच्या कडेला बघायचं. पिवळा किंवा नारिंगी ठिपका दिसला, की मला हाक मारायची. हात लावायचा नाही. आणि भांडं हाताळलं की साबणाने हात धुवायचे, हे तर सांगायलाच नको. भांडं गॅलरीत ठेवू, तिथे या दिवसांत तीस अंश सहज असतात.

"आणि वाफेवर कशात ठेवायच्या?" मुक्ताने विचारलं.

कुकरमध्ये. तीन शिट्ट्या...

"माझ्या कुकरमध्ये?" आतून आजीचा आवाज आला. "माळ्यावर तो झाकण वाकडं झालेला जुना आहे, तो घ्या. शिट्टी होत नाही त्याची, पण लेंड्यांना शिट्टी नसली तरी चालेल."

आजीला जिवाणूशास्त्र येत नाही. नुसत्या वाफेवर बीजाणू मरत नाहीत, दाब लागतो. मी म्हटलं, गॅस्केट नवं बसवून झाकण ठोकून घेतो. मुक्ता माळ्यावर चढली, आणि ओम चप्पल घालून ससा पाळणाऱ्या शेजाऱ्यांकडे निघालासुद्धा.